माळव्याचा भुसा आणि मारवाडची गाय





सातवीच्या वर्गातील एका मुलीने विचारलेल्या प्रश्नावरून हा लेख लिहीत आहोत. एप्रिलमध्ये ती घरच्या मंडळींबरोबर लग्नाला नीमचला गेली होती. वाटेत तिला पोट फुगलेले ट्रक दिसले. चारी बाजूंनी ताडपत्री व पोत्यांचे कापड शिवलेले, इतके रुंद की मागच्या गाडीला रस्ता मिळू नये. वडिलांनी सांगितले, ‘‘भुसा आहे, राजस्थानात चाललाय.’’ परतताना रात्र झाली, तेव्हा सडकेच्या दोन्ही बाजूंना शेतांत आगीच्या लांबच लांब रेषा दिसल्या. वडील म्हणाले, ‘‘नरवाई जाळतायत.’’ नरवाई म्हणजे गहू काढल्यावर शेतात उभे राहिलेले खुंट व काड. मुलीने वर्गात विचारले, ‘‘दोन्ही गव्हाचंच ना? मग एक इतक्या लांब नेतात आणि एक जाळतात, असं का?’’

त्या दिवशी आम्ही तिला अर्धेमुर्धे उत्तर दिले. पूर्ण उत्तर द्यायला एक तास पुरणार नव्हता आणि खरे सांगायचे तर आमच्यापाशी ते तयारही नव्हते. या विषयात आमच्या शाळेने पूर्वी एकदा चूक केली आहे, तीही सांगण्यासारखी आहे. म्हणून आज सविस्तर लिहीत आहोत.

आधी शब्द समजून घेऊ

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे आमच्या तोंडी ‘चारा’ आणि ‘भूसा’ हेच शब्द होते. ‘वैरण’ हा शब्द घरी आजीकडून ऐकलेला. जनावरांच्या खाद्याला वैरण म्हणतात. त्यातही प्रकार आहेत. गवत फुलोऱ्यावर असताना कापून उन्हात वाळवले की ते वाळले गवत. ज्वारीची कणसे खुडून घेतल्यावर उरलेली ताटे म्हणजे कडबा. गव्हाचे दाणे काढल्यावर उरते ते काड, आणि ते बारीक झाले की भुसा. याच भुशाला आपल्या माळव्यातले खेडूत ‘सुकला’ म्हणतात, मंदसौर-नीमचपासून पुढे मेवाड-मारवाडपर्यंत ‘खाखला’ म्हणतात, आणि हरियाणा-पंजाबकडे ‘तुडी’ म्हणतात. ज्या वस्तूला इतकी नावे असतात ती माणसाच्या गरजेची असते, हे ओळखावे.

पूर्वी माळव्यात ज्वारी पुष्कळ होती, म्हणून कडबाही पुष्कळ होता. १९७० नंतर येथे सोयाबीन आले आणि झपाट्याने पसरले. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला, पण ज्वारी घटली आणि कडबाही घटला. सोयाबीनचे कुटार जनावरे कडब्याइतक्या आवडीने खात नाहीत. गव्हाच्या नव्या जाती बुटक्या, त्यामुळे दाणा वाढला तरी त्या मानाने काड वाढले नाही. म्हणजे भुशाची गरज वाढली आणि पर्याय कमी झाले, अशी ही परिस्थिती आहे.

गाय जे करते ते आपल्याला जमत नाही

विद्यार्थ्यांनी हा भाग नीट वाचावा, कारण तो तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकाशी जोडलेला आहे. गव्हाच्या काडात मुख्यत्वे सेल्युलोज असते. आपण भुसा खाल्ला तर आपल्याला काही मिळणार नाही, कारण सेल्युलोज तोडणारे विकर (एन्झाइम) आपल्या पोटात नाही. गाईच्या पोटातही ते नाही! पण गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात, आणि मोठ्या गाईच्या पहिल्या कप्प्यात शंभर लिटरहून जास्त माल मावतो. तेथे असंख्य सूक्ष्म जीव राहतात. ते सेल्युलोज कुजवतात, आणि त्यातून जे तयार होते त्यावर गाय जगते. थोडक्यात, गाय भुसा स्वतःसाठी नव्हे तर आपल्या पोटातल्या या भाडेकरूंसाठी खाते, आणि ते तिला भाडे चुकते करतात.

परंतु या भाडेकरूंनाही नत्र लागते. गव्हाच्या भुशात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात. चांगल्या वाळवलेल्या लसूणघासात ती पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त असतात. म्हणून नुसत्या भुशावर गाय जगते, पण दूध देत नाही व हळूहळू रोडावते. त्यासोबत सरकीची पेंड, थोडी हिरवी वैरण किंवा युरिया प्रक्रिया केलेला भुसा द्यावा लागतो. ही प्रक्रिया अशी : शंभर किलो भुशाला चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडायचा, भुसा दाबून हवाबंद झाकायचा आणि तीन आठवडे तसाच ठेवायचा. कच्चा युरिया जनावराच्या पोटात गेला तर ते मरू शकते. त्यामुळे हे काम पशुवैद्यकाला विचारूनच करावे, आणि लहान वासरांना असा भुसा देऊ नये.

दुष्काळात मात्र दुधाचा प्रश्न मागे पडतो. तेव्हा पोट भरणे आणि पावसापर्यंत जीव टिकवणे एवढेच ध्येय उरते, आणि तेथे हा तीन-चार टक्क्यांचा भुसा सोन्यासारखा असतो.

कोरड्या मुलखाचा हिशेब

इंदूरला वर्षाला सरासरी नव्वद-शंभर सेंटिमीटर पाऊस पडतो. जैसलमेरला वीस सेंटिमीटरही पडत नाही. एवढ्या पावसात शेतीचा भरवसा नाही, म्हणून तेथील माणसाने जनावरांवर भरवसा ठेवला. थारपारकर आणि राठी या नामांकित गाई त्याच मुलखातल्या. तेथे सेवण नावाचे गवत उगवते. थोडा पाऊस झाला तरी ते वाळूतून वर येते आणि वाळले तरी जनावरे ते आवडीने खातात. गावोगावी ‘ओरण’ म्हणजे देवाच्या नावाने राखलेली राने आहेत. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही, गुरे मात्र चरू शकतात.

२०१९ च्या पशुगणनेत राजस्थानात सुमारे पाच कोटी अडुसष्ट लाख जनावरे मोजली गेली. उत्तर प्रदेशानंतर देशात सर्वांत जास्त. शेळ्यांत राजस्थान पहिला, आणि देशातील दर शंभर उंटांपैकी चौऱ्याऐंशी उंट तेथे. कोरडा मुलूख आणि एवढी जनावरे, हे आपल्याला उलटे वाटते. पण जेथे पीक बुडते तेथे गाय-मेंढी चालती-फिरती पुंजी असते. पीक एका जागी वाळून जाते, जनावर उठून दुसरीकडे जाऊ शकते.

मारवाडात दुष्काळाचे तीन प्रकार मानतात. धान्य पिकले नाही तर अन्नकाळ, पाणी आटले तर जलकाळ, आणि गवत नसेल तर तृणकाळ. तिन्ही एकत्र आले की त्रिकाळ. आम्हाला यात मोठे शहाणपण दिसते. गवताच्या टंचाईला त्यांनी धान्याच्या टंचाईच्या रांगेत बसवले, खाली नाही. विक्रम संवत १९५६ म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ दुष्काळ असाच त्रिकाळ होता. मारवाडचे लोक नेहमीप्रमाणे जनावरे हाकत माळव्याकडे निघाले, कारण माळवा सहसा दगा देत नसे. त्या वर्षी माळव्यातही पाऊस नव्हता. आसऱ्यासाठी आलेली जनावरे येथे आणि वाटेत अतोनात मेली. तो आकडा लोक विसरले, छप्पनिया हे नाव अजून विसरलेले नाहीत.

भुशाला पाय नसतात

आता मुलीच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाकडे येऊ. भुसा इतक्या लांब का न्यावा लागतो, आणि नेणे इतके अवघड का? उत्तर गणिताचे आहे, म्हणून आठवीच्या मुलांनी वही घेऊन बसावे.

मोकळा भुसा फार हलका असतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा जागेत तो साधारण पन्नास किलो मावतो. यंत्राने बांधलेल्या चौकोनी गाठी असतील तर त्याच जागेत शंभर ते दीडशे किलो मावतात. समजा, ट्रकात चाळीस घनमीटर जागा आहे. मोकळा भुसा भरला तर वीस क्विंटल जाईल. गाठी भरल्या आणि सव्वाशे किलोचा हिशेब धरला तर पन्नास क्विंटल जाईल. इंदूरपासून जोधपूर सडकेने सुमारे सहाशे किलोमीटर. समजा, भाडे किलोमीटरला चाळीस रुपये, म्हणजे एका फेरीला चोवीस हजार रुपये. मोकळ्या भुशाला किलोमागे भाडे किती? बारा रुपये. गाठींना? चार रुपये ऐंशी पैसे. ट्रक तोच, सडक तीच, डिझेल तेवढेच.

आता समजा, तिकडे एका गोशाळेत पाचशे गाई आहेत आणि दर गाईला दिवसाला सहा किलो भुसा लागतो. म्हणजे रोज तीस क्विंटल. मोकळ्या भुशाचा आपला ट्रक एक दिवसही पुरणार नाही. सकाळी हार घालून, फोटो काढून रवाना केलेली मदत दुसऱ्या संध्याकाळी संपलेली असते, आणि पावसाला अजून तीन महिने असतात.

म्हणूनच व्यापारी ट्रकांना दाबून दाबून भरतात आणि ते बाहेर फुगतात. त्यात धोका आहे. गाडी कलते, वरच्या विजेच्या तारेला भुसा लागतो आणि पेट घेतो. अशा अपघातांच्या बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतो.

मारवाडच्या मेंढपाळांनी या गणितावर फार पूर्वी आपले उत्तर शोधले. भुशाला पाय नसतात, मेंढीला असतात. मग मेंढीनेच चालत जावे! राईका किंवा रेबारी समाजाचे लोक कळप घेऊन दरवर्षी आपल्या भागापर्यंत येतात. लाल पागोटे, पांढरा अंगरखा, उंटावर खाट आणि खाटेवर कोकरे, हे दृश्य आपण सर्वांनी सडकेवर पाहिले आहे. अनेक कुटुंबे एकत्र येऊन तळ करतात, त्यांचा एक नंबरदार असतो आणि कोठे थांबायचे, कोणाशी बोलणी करायची हे तो ठरवतो. पीक निघालेल्या शेतात मेंढ्या रात्रभर बसवल्या की शेताला लेंडीखत मिळते. त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. मेंढ्यांना शेतातला पाला आणि काड मिळते. येथे कोणी कोणावर उपकार करत नाही, दोघांचेही भले होते.

महाराष्ट्रातले धनगर पावसाळा संपला की कळप घेऊन घाट उतरतात आणि कोकणात शेतांत मेंढ्या बसवतात, तोच हा व्यवहार. आणि ज्या होळकरांच्या नगरीत आपण पिढ्यान् पिढ्या राहत आलो, ते घराणे धनगरांचेच. थोरले मल्हारराव होळकर १६९३ मध्ये जेजुरीजवळच्या होळ गावी धनगराच्या घरी जन्मले. मेंढपाळाला ‘बाहेरचा’ म्हणताना निदान आम्हा इंदूरकरांनी एकदा थांबावे, असे आम्हाला वाटते.

मात्र हा मार्ग आता अरुंद होत आहे. शेते कुंपणात गेली, रस्ते रुंद झाले, आणि गाई-म्हशींचे मोठे गोठे मेंढ्यांसारखे सहाशे किलोमीटर चालू शकत नाहीत. म्हणून भुशानेच प्रवास करावा लागतो.

आमच्या शाळेची चूक

२००२ साली देशाचा पाऊस सरासरीपेक्षा एकोणीस टक्के कमी पडला. राजस्थानात तेव्हाचे सर्व बत्तीस जिल्हे दुष्काळी जाहीर झाले. त्या वेळी आम्ही मुख्याध्यापक नव्हतो, याच शाळेत विज्ञान शिकवत होतो. शाळेने ठरवले की पालकांकडून चारा गोळा करून मारवाडातील एका गोशाळेला एक ट्रक पाठवायचा. हेतू उत्तम होता. जानेवारीत मैदानात ढीग उभा राहिला. कोणी भुसा आणला, कोणी कडब्याच्या पेंढ्या, कोणी घरामागचे ताजे कापलेले गवत. आम्ही सर्व एकत्र रचले. तेवढ्यात मावठा झाला, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस. दोन तास भिजल्यावर आम्ही धावत जाऊन वरून प्लास्टिक टाकले आणि चारा ‘वाचवला’.

आठ दिवसांनी ट्रक आला. हमालाने ढिगात हात घातला आणि झटकन बाहेर काढला. आतून तो गरम होता. मधला भाग काळा पडला होता आणि आंबूस वास येत होता. निम्म्याहून जास्त माल फेकावा लागला. उरलेला पाठवला, त्यातही बुरशी निघाली. गोशाळेच्या व्यवस्थापकांनी पत्र लिहिले. रागाचा एकही शब्द नव्हता. त्यांनी एवढेच लिहिले होते की पुढच्या वेळी थोडे पाठवा, पण कोरडे पाठवा, आणि पाठवण्यापूर्वी काय हवे ते आम्हाला विचारा.

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत हे झाले, याची लाज आम्हाला आजही वाटते. कारण सोपे होते. ताज्या गवताच्या पेशी कापल्यावरही काही काळ श्वसन करतात आणि उष्णता सोडतात. ओलावा असला की जिवाणू व बुरशी वाढतात आणि आणखी उष्णता निर्माण होते. ढिगाच्या आतून ती बाहेर पडू शकत नाही. वरून प्लास्टिक घातले की ओल आत कोंडली जाते. साठसत्तर अंश तापमानाच्या पुढे रासायनिक क्रिया सुरू होतात आणि मोठी गंजी कोणीही काडी न लावता आपोआप पेटू शकते. आम्ही मैदानात, वर्गांपासून पन्नास पावलांवर, काय रचले होते हे नंतर लक्षात आले.

वैरण साठवताना तिच्यातील ओलावा पंधरा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. हे तपासण्याची एक घरगुती रीत आहे, ती नववीच्या प्रयोगवहीत आम्ही यंदा घालणार आहोत. काचेची कोरडी बरणी घ्या. तिच्यात मूठभर कापलेली वैरण व दोन चमचे कोरडे मीठ टाका. झाकण लावून दोन-तीन मिनिटे हलवा. मीठ मोकळे राहिले तर वैरण साठवण्याजोगी आहे. मिठाचे खडे झाले तर तिला अजून उन्हात घाला.

आणखी एक धडा. चाऱ्याबरोबर तणाचे बीही प्रवास करते. गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले, असे सर्वसाधारणपणे मानतात. आज ते आपल्या शाळेच्या कुंपणालाही आहे. ज्याला मदत करायची त्याच्या रानात आपले तण पाठवू नये. म्हणून बांधावरचे मिळेल ते गवत कापून ट्रकात भरणे बरोबर नाही.

बंदी आणि आग

आता प्रश्नाचा दुसरा, अधिक कठीण भाग. जो भुसा इतका मोलाचा आहे तो जाळतात का?

पूर्वी गहू विळ्याने जमिनीलगत कापत आणि मळणीत सगळा भुसा खळ्यावर मिळे. आता हार्वेस्टर येतो. तो वरच्या ओंब्या घेतो, काड मागे फेकतो आणि हातभर उंचीचे खुंट शेतात उभे सोडतो. ते गोळा करायचे तर भुशाचे यंत्र, म्हणजे स्ट्रॉ रीपर, पुन्हा शेतात फिरवावे लागते. ते उभी नरवाई कापते, बारीक करते आणि मागच्या जाळीच्या ट्रॉलीत भरते. सांडलेले थोडे दाणेही त्यात परत मिळतात. पण त्याचे भाडे आहे, ते वेळेवर मिळत नाही, आणि ज्याला लगेच उन्हाळी मूग पेरायचा आहे तो थांबू शकत नाही. काडीपेटी मात्र अगदी स्वस्तात मिळते. म्हणून शेतकरी जाळतो. तो मूर्ख आहे म्हणून नाही, तर त्याच्यापुढे घाई आहे आणि सोय नाही म्हणून.

नुकसान मात्र होते. जमिनीच्या वरच्या थरातले उपयोगी जीव मरतात, बांधावरची झाडे होरपळतात, शेजाऱ्याचे उभे पीक जाते. मध्य प्रदेशात नरवाई जाळण्यावर बंदी आहे आणि दंडही होतो.

दुसरीकडे, चारा कमी पडेल असे दिसले की जिल्हाधिकारी ‘मध्य प्रदेश पशु चारा निर्यात नियंत्रण आदेश, २०००’ च्या आधारे भुसा जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालतात. वीटभट्ट्यांत तो जाळण्यावरही बंदी येते. इतर राज्येही हेच करतात. २०२२ च्या उन्हाळ्यात उत्तर भारतात भुशाचे भाव खूप वाढले, तेव्हा हरियाणाच्या काही जिल्ह्यांनी तुडी बाहेर जाऊ दिली नाही आणि राजस्थानच्या पशुपालकांची कोंडी झाली.

या बंदीला आम्ही सरसकट वाईट म्हणणार नाही. आमच्या पालकांत दुधाचा धंदा करणारी मंडळी आहेत. भुसा बाहेर गेला की येथे भाव चढतो आणि झळ त्यांना बसते. ‘‘आधी घरच्या गाईला, मग गावाबाहेरच्या,’’ असे एका पालकांनी आम्हाला सरळ सांगितले, आणि त्यांचे म्हणणे चूक नाही. पण मग त्या सातवीतल्या मुलीला काय सांगायचे? जो भुसा आपण सीमेवर अडवतो, तोच आपण शेतात जाळतो. घरच्या गाईलाही नाही, बाहेरच्याही नाही. ही टंचाई निसर्गाने केलेली नाही, गोळा न केल्याने झालेली आहे.

एक हिशेब करू. समजा, एकरी अठरा क्विंटल गहू झाला. गव्हाच्या वजनाइतके किंवा थोडे अधिक काड निघते. त्यातले निम्मे जरी गोळा केले तरी नऊ क्विंटल भुसा. दिवसाला सहा किलोप्रमाणे तो एका गाईला एकशे पन्नास दिवस पुरतो. होळीपासून श्रावणापर्यंत. म्हणजे रात्री सडकेवरून दिसलेली ती आगीची रेषा एका एकरावरून गेली की एका गाईचा पूर्ण उन्हाळा जळतो. उरलेले निम्मे काड मातीत मिसळू द्यावे, कारण मातीलाही तिचा वाटा हवा. सगळेच उचलून विकणे हेसुद्धा शहाणपण नाही.

वेळेआधीची तयारी

गुजरातमध्ये वनविभाग राखीव ‘वीडी’तले व दक्षिणेकडच्या डोंगरांतले गवत हंगामात कापून, गाठी बांधून गोदामांत ठेवतो आणि टंचाई आली की कच्छ-सौराष्ट्राच्या पशुपालकांना स्वस्तात देतो. कच्छच्या बन्नीतल्या मालधारींच्या म्हशी प्रसिद्ध आहेत, २०१० मध्ये बन्नी म्हशीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. पण तेथेही पाऊस हुकला की गोदामातल्या गाठींचाच आधार. यातला धडा असा की वैरणीची मदत दुष्काळात करायची नसते, सुगीत करायची असते. चैत्रात भुसा मुबलक आणि स्वस्त असतो. ज्येष्ठात सर्वांना आठवण होते, तेव्हा तो महाग आणि दुर्मिळ असतो. महाराष्ट्रात २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या. तेथे जनावरांपुढे ऊस टाकला गेला, कारण कोरडी वैरण आधी कोणी साठवलीच नव्हती.

म्हणून यंदा शाळेतर्फे आम्ही तीन गोष्टी मांडत आहोत.

विद्यार्थ्यांसाठी : ज्यांच्या घरी किंवा आजोळी शेती आहे त्यांनी या रब्बीत वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणावे, की गव्हाचे किती एकर, किती काड गोळा केले, किती जाळले, आणि जाळले तर का. जाळणाऱ्याला दोष द्यायचा नाही, कारण विचारायचे. मीठ-बरणीचा प्रयोग सर्वांनी करावा.

पालकांसाठी : शेजारच्या पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून भुशाचे यंत्र आधीच ठरवले तर ते वेळेवर येते आणि भाडेही वाटले जाते. आपल्या गोठ्यापुरता ठेवून जो उरेल तो योग्य भावाने विकावा. फुकट द्यावा असे आमचे म्हणणे नाही. फुकट मिळालेला भुसा एका वर्षी येतो, भावाने घेतलेला दरवर्षी येतो.

विश्वस्त मंडळासाठी : शाळेच्या मागची पत्र्याची शेड चैत्र-वैशाखात रिकामी असते. ती वर्गांपासून लांब आहे. तिची जमीन फळ्या टाकून उंच केली, वीजजोडणी काढून टाकली आणि बाहेर पाण्याची टाकी व वाळूच्या बादल्या ठेवल्या, तर शंभर क्विंटलपर्यंत कोरड्या गाठी तेथे राहू शकतील. पहिला हक्क आपल्या पंचक्रोशीतल्या गोठ्यांचा. आषाढात पाऊस चांगला लागला आणि गाठी उरल्या, तर त्या आधी विचारून, मागतील त्या गोशाळेला किंवा पशुपालकांना खरेदीच्या भावाने द्याव्यात. ट्रकाला हार घालण्याचा कार्यक्रम नको. याचा खर्च आणि आगीच्या सुरक्षेचा तपशील पुढील बैठकीत ठेवणार आहोत. मंडळाला धोका जास्त वाटला, तर शेड शाळेत नको, एखाद्या पालकांच्या मळ्यावर असावी, हेही आम्हाला मान्य आहे.

त्या सातवीतल्या मुलीला आम्ही अजून उत्तर देणे लागतो. बाळ, भुसा दूर नेतात कारण तेथे त्याच्यावाचून गाय मरते. येथे जाळतात कारण गोळा करणे जाळण्यापेक्षा कष्टाचे आहे. तुझ्या प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्या एकाच गावात, एकाच रात्री घडत होत्या. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच सडकेने जाशील तेव्हा आगीच्या रेषा मोजून ये. एक जरी कमी दिसली तर वर्गात सर्वांना सांग.



आपले,
मुख्याध्यापक